यकृत पुन्हा वाढतं, पण पालीच्या शेपटीसारखं नाही



दहावीला पुनर्जनन शिकवताना आपण फळ्यावर प्लॅनेरिया काढतो, पालीची शेपटी सांगतो आणि ओघात म्हणून टाकतो, "आपलं यकृतसुद्धा असंच पुन्हा वाढतं." डोंबिवलीत मीही कित्येक वर्षं हेच सांगत आले. एकदा तास संपल्यावर एक मुलगा थांबला. "बाई, आई मामाला यकृताचा तुकडा देणार आहे. तिला तो परत येईल ना?" मी पटकन हो म्हटलं. घरी जाऊन वाचलं, तेव्हा माझं उत्तर चुकलं होतं हे कळलं.

कापलेला भाग परत उगवत नाही. उरलेला भाग मोठा होतो. आकार पूर्वीसारखा होत नाही, पण वजन आणि काम काही महिन्यांत बरंचसं भरून येतं. तो मोठा का होतो, याचं एक महत्त्वाचं कारण रक्तप्रवाहात आहे आणि तेच आपण सांगत नाही.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. साधारण ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून येतं आणि बाकीचं रोहिणीतून. १९२० साली राउस आणि लॅरिमोर या संशोधकांनी सशांमध्ये या शिरेची एक फांदी बांधून टाकली. ज्या भागाचं रक्त अडलं तो आक्रसत गेला आणि काहीही न कापता दुसरा भाग वाढला!

मुलांना हे सोसायटीच्या पाण्यावरून लगेच कळतं. ए विंगचा व्हॉल्व्ह बंद केला की बी विंगच्या नळाला जोर येतो. इथे मात्र त्या 'पाण्या'बरोबर अन्नद्रव्यं आणि इन्शुलिनही जास्त मिळतं, आणि पेशी विभागू लागतात. (पाइप काही वाढत नाहीत, एवढं मुलांना आठवणीने सांगा.)

१९८० च्या दशकात जपानच्या माकुउची यांनी याचाच उपयोग केला. गाठ असलेल्या बाजूची शीर आधी बंद करायची, काही आठवडे थांबायचं, निरोगी बाजू वाढली की मग शस्त्रक्रिया. रोहिणी चालू असल्याने बंद केलेली बाजू लगेच मरत नाही.

पण उरलेला तुकडा फारच लहान असेल तर सगळं रक्त त्याच्यावर येऊन तोच बिघडतो. म्हणून दात्याकडे निदान ३० ते ३५ टक्के यकृत उरेल ना, हे डॉक्टर आधी मोजून घेतात.

"हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" असं कुणी म्हणेल. नसेल. पण "यकृत वाढतंच की, मग एक पेग चालतो" हा विनोद आपल्या घराघरांत चालतो आणि मुलं तो ऐकतात. दारूने यकृतात कठीण धागे साचतात, आतल्या आत रक्ताची वाट अडते. मग वाढ होते तीही गाठीगाठींची, धड काम न करणारी.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून मी चूक कबूल केली, आकृती काढून दाखवली. त्याने विचारलं, "म्हणजे आईला धोका आहे?" "थोडा आहे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आईबरोबर तूही जा आणि किती टक्के उरणार ते डॉक्टरांनाच विचार." त्याने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून घेतला.