दंडावरचं बीपी, फुप्फुसातलं बीपी

चारधामची दारं उघडायची वेळ आली की आपल्या भोपाळच्या मराठी घरांत यात्रेचे बेत सुरू होतात. यंदा आमच्याकडे केदारनाथ ठरलं होतं.

बाबा एकाहत्तर वर्षांचे. लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापानं त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. "चालायचंय कुठं? हेलिकॉप्टरनं जाऊ. आणि माझं बीपी बघ, १२०/८०!" मला पटलं. बुकिंगआधी सहज डॉक्टरांना विचारलं, तेव्हा आमची चूक कळली.

दंडाला पट्टा बांधून मोजतो ते शरीराचं बीपी. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वेगळा. तो सरासरी १४ च्या आसपास असतो, २० च्या वर गेला की जास्त. त्याचा अंदाज इको तपासणीत येतो, पट्ट्यावर नाही.

फुप्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला, की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. सोय उत्तम, पण बिघाड एका कोपऱ्यात असेल तेव्हाच. भोपाळ सुमारे ५०० मीटरवर, केदारनाथ जवळपास ३,५८० मीटरवर. तिथं प्रत्येक श्वासात इथल्यापेक्षा सुमारे तीस टक्के ऑक्सिजन कमी. मग साऱ्याच वाहिन्या आवळतात, दाब चढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. बाबांच्या अरुंद झडपेमागे रक्त तुंबून हा दाब आधीच वाढलेला होता. हेलिकॉप्टर पाय वाचवतं, पण शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच देत नाही.

हा त्रास धडधाकटांनाही होतो. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी हिमालयात उंचावर गेलेल्या १,९२५ भारतीय जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, तो उंचीवर होणाऱ्या 'अक्यूट माउंटन सिकनेस'चा.

म्हणून हृदयविकार असणाऱ्या प्रत्येकानं घरीच बसावं असं नाही. अनेकांना डॉक्टर परवानगी देतात. पण आधी विचारा, लागल्यास इको करा, टप्प्याटप्प्यानं चढा. वर बसल्याजागी धाप लागली, खोकला वाढला तर दर्शनासाठी थांबू नका. ऑक्सिजन द्या आणि ताबडतोब खाली उतरा.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "ओंकारेश्वरही ज्योतिर्लिंगच आहे ना रे? गाडी काढ."

नर्मदेच्या घाटावर बाबा बराच वेळ बसले होते. धाप न लागता.