जुने शस्त्र, नवा धनी

आमचे एक तरुण स्नेही आहेत. व्यवसायाने डॉक्टर, रात्री-अपरात्री देवास रस्त्याने एकटेच घरी परततात. मोती तबेल्यातील कलेक्टर कचेरीचे पुष्कळ उंबरठे झिजविल्यावर त्यांच्या हाती एकदाचा शस्त्राचा परवाना पडला, आणि गेल्या पंधरवड्यात ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. कुणा वृद्ध गृहस्थाचे जुने विलायती रिव्हॉल्वर विकावयाचे आहे, ते घ्यावे असे त्यांच्या मनात आहे. "काका, तुम्ही घेतलेत तेव्हा काय काय पाहिले होतेत?" असा त्यांचा प्रश्न. त्या संध्याकाळी जे बोलणे झाले, तेच या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत तलवारीला जो मान आहे, तो रिव्हॉल्वरला कधीच मिळाला नाही. खंडेनवमीस तलवार पाटावर येते, तिला झेंडूचे फूल वाहिले जाते. रिव्हॉल्वरचे नाव निघाले की आमच्या लहानपणी वडील मंडळी आवाज खाली आणीत, कारण त्या शब्दापाठोपाठ बावला प्रकरण येई. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा गोळ्या घालून खून झाला, त्याचे धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले आणि १९२६ साली तुकोजीराव महाराजांना गादी सोडावी लागली. एका नगराने एका हत्याराची एवढी किंमत मोजल्यावर त्याच्याविषयी जिव्हाळा कोठून उरावा?

तरीही १९८२ साली आम्ही ते घेतले. आम्ही तेव्हा एका कापड गिरणीत रोखपाल होतो. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणण्याचे काम आमच्याकडे असे. एकदा वाटेत दोघांनी मोटार अडविण्याचा प्रयत्न केला; निभावले, पण परवान्याचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा आजही मूळ आधार आहे. ३८ आणि ४५५ बोअरची रिव्हॉल्व्हरे लष्करी म्हणून सामान्य नागरिकास वर्ज्य. त्याच्या वाट्याला येते ते ३२ बोअर. एका परवानाधारकाने दुसऱ्यास शस्त्र विकावयाचे तर जिल्हादंडाधिकाऱ्यांस अथवा जवळच्या ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. बाकीचे कचेरीतील कारकून सांगतीलच, तेही तिसऱ्या खेपेस.

आमचे रिव्हॉल्वर महूच्या एका निवृत्त सुभेदार-मेजरांचे. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमची घडण. सुभेदारसाहेबांची दृष्टी मंदावली होती आणि मुले परगावी होती, म्हणून ते विकणे आले. त्यांनी ते चामड्याच्या म्यानातून काढून टेबलावर ठेवले. आम्ही हात पुढे करताच त्यांनी मनगट धरले. "आधी उघडा, मग बघा." अंगठ्याने खटका दाबताच नळी पुढे झुकली आणि सहाही घरे उघडी पडली. "आता प्रत्येक घरात बोट घाला. डोळ्यांवर विश्वास नको." पुढे इतकी वर्षे लोटली, पण बोट घातल्यावाचून आम्ही ते शस्त्र एकदाही हाताळले नाही.

मग त्यांनी विकणाऱ्याच्या नव्हे, शिकविणाऱ्याच्या तोंडाने त्याचे दोष दाखविले. रिकामे असल्याची खात्री करून घोडा सावकाश मागे ओढावा. तो पुरता चढला की चक्र जागच्या जागी घट्ट बसले पाहिजे, डुगडुगता कामा नये, आणि हे सहाही घरांवर पाहावे. बिजागरीशी नळी हलते का ते पाहावे. नळीपाठी पांढरा कागद धरून आत डोकावावे. मध्येच काळी कडी दिसली तर नळी फुगलेली आहे, असे शस्त्र फुकटही घेऊ नये. मुकुटाखाली एन. पी. ही अक्षरे शोधावीत. धूररहित दारूसाठी बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात चाचणी झाल्याची ती खूण. आणि सांगाड्यावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

आमच्या शस्त्रात दोष एकच होता, तो म्हणजे गंज. म्यानाला टेकलेल्या बाजूस तांबूस ठिपके उठले होते. आम्हांस वाटे, चामड्यात शस्त्र सुरक्षित राहते. प्रत्यक्षात चामडे ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये लोखंडास खातात. माळव्याच्या चार पावसाळ्यांत तेवढे पुरते.

घरी आणल्यावर आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसलो आणि पहिल्याच झटक्यास काचकागद हाती घेतला. दैव बलवत्तर म्हणून सुभेदारसाहेबांनी दिलेली चिठ्ठी आधी वाचली. पोलादावरची निळसर काळी झिलई हा रंग नव्हे. तो पोलादाचाच एक मुद्दाम आणलेला, आवरलेला गंज आहे, आणि तोच तांबड्या गंजाला अडवितो. काचकागदाने दोन्ही जातात, शिवाय क्रमांक पुसट झाला तर पोलिसांना उत्तर देता देता पुरेवाट. म्हणून ठिपक्यांवर तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेने हलके खरवडावे. तांबे पोलादाहून मऊ. ते गंज उचलते, झिलईला धक्का लावीत नाही. आमच्या मातोश्रींनी देवघरातून एक जुना पैसा काढून दिला, तो परत मात्र घेतला नाही.

नळीचे प्रकरण निराळे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील द्रव्य जळाल्यावर मिठाच्या जातीचा एक क्षार नळीत मागे राहतो. तो हवेतील ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. त्यामुळे नळीस नुसते तेल देणारा मनुष्य क्षारावर पांघरूण घालीत असतो. त्यावर उपाय उकळत्या पाण्याचा. मुठीच्या लाकडी फळ्या आधी काढून ठेवाव्यात, नरसाळ्याने नळीतून आणि सहाही घरांतून कढत पाणी ओतावे. धातू इतका तापतो की उरलेले पाणी आपणच उडून जाते. मग पितळी गजाला फलालिनची चिंधी गुंडाळून, ती स्वच्छ निघेपर्यंत फिरवावी, आणि शेवटी तेलाचा पुसट हात. तेल थबथबलेले शस्त्र धूळ गोळा करते. अक्रोडाच्या मुठीस रॉकेल लावू नये. आम्ही जवसाचे तेल बोटाने चोळले. दोन दिवसांनी लाकडाच्या रेषा अशा उमटल्या की वस्तू नवी वाटू लागली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस तिचा थोडा मोहच पडला. रोज रात्री काढून पुसण्याचे काही कारण नव्हते, तरी आम्ही पुसत असू.

काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. १८६९ पासूनचा तो कारखाना. मराठी माणसास तेवढेच समाधान.

पुढे पगार बँकेतून होऊ लागले, आमची गिरणीही बंद पडली. रिव्हॉल्वर कपाटात राहिले. प्रत्येक निवडणुकीत ठाण्यात जमा करावयाचे, निकालानंतर आणावयाचे आणि परतलेल्या शस्त्रावरचे घामट बोटांचे ठसे पुसावयाचे. १९९१ साली खंडेनवमीस आम्ही ते काढले. काडतुसांची पेटी उघडली तर रिकामी. अंगाला दरदरून घाम फुटला. त्या वर्षी आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले होते आणि महिनाभर घरात कुणाशी धड बोलत नव्हते. ते माडीवर होते. हाक मारण्याचा धीर आम्हांस होईना.

घरातून शांतपणे उत्तर आले, "अहो, पुरणयंत्राच्या डब्यात आहेत. सगळी आहेत, मी मोजलीत." निकाल लागला त्याच रात्री त्यांनी ती काढून ठेवली होती. कपाटाच्या किल्लीची जागा चिरंजीवांस ठाऊक आहे, हे त्यांनी ओळखले होते. आम्ही मात्र त्या महिन्यातही शस्त्र पुसत होतो. आमच्या डोळ्यांना गंजाचा बारीकसा ठिपका दिसे. जेवणाच्या पानावर मुलगा मान वर करीत नाही, हे दिसले नव्हते. त्या वर्षी पूजेत रिव्हॉल्वर मांडले नाही. चिरंजीव तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. आज त्यांचे स्वतःचे मूल परीक्षेच्या वयात आहे. ही हकीकत छापण्यापूर्वी आम्ही त्यांस वाचून दाखविली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "छापा."

डॉक्टरांनी चिंधीपासून जवसाच्या तेलापर्यंत सारे टिपून घेतले. निघताना ते नमस्कारास स्वयंपाकघरात गेले. सौभाग्यवतींनी आशीर्वाद दिला आणि विचारले, "गोळ्या कुठे ठेवणार आहात?" डॉक्टरांनी वही चाळली. ते टिपलेले नव्हते. मग ते तिथेच पाटावर बसले.