ऑईल जाड, डिझेल जादा

डिझेल लिटरमागे रुपयाने वाढले की पारावर दोन दिवस चर्चा चालते. पण इंजिनात ऑईल कोणते ओतले जाते, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. ते काम फिटरचे, नाहीतर ड्रायव्हरचे, असे म्हणून आपण मोकळे होतो. उसाचे ट्रक, दुधाचे टँकर, कांद्याच्या गाड्या, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, या सगळ्यांचा खर्च फिरून फिरून आपल्याच अंगावर येतो. उसाचेच बघा. एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होऊनच बिल हातात पडते. तेव्हा हा विषय आपला नाही, असे म्हणून कसे चालेल?

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. ऑईल जितके जाड, तितके इंजिन दमदार. दोन बोटांत घेऊन चिकटपणा बघायचा आणि 'हे खरे ऑईल' म्हणून डबा उचलायचा. पण काकवीत रवी फिरवून बघा आणि मग ताकात फिरवून बघा. हात कुठे भरून येतो? इंजिनाचेही तसेच आहे. क्रँक, पिस्टन, ऑईल पंप या सर्वांना त्या ऑईलमधूनच फिरायचे असते. ऑईल गरजेपेक्षा जाड असेल, तर ते ढवळण्यातच काही डिझेल जळते.

डब्यावरचे आकडे वाचायला शिकले पाहिजे. १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑईल थंडीत लवकर वाहते. निफाडच्या थंडीत पहाटे टँकर चालू करणाऱ्याला याचे महत्त्व सांगायला नको. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती जाड राहते त्याचा. ४० जाड, ३० पातळ.

पातळ ऑईलने वाचते तरी किती? उत्तर अमेरिकेतील मालवाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या 'नॉर्थ अमेरिकन कौन्सिल फॉर फ्रेट एफिशियन्सी' या संस्थेने २०१६ साली यावर अहवाल दिला. लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रकांत १५डब्ल्यू-४० ऐवजी १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० वापरल्यास अर्धा ते दीड टक्का इंधन वाचते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कोणी विक्रेता 'दहा टक्के ॲव्हरेज वाढवून देतो' म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

एक टक्का म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. हिशेब मांडू. एखादा दूध टँकर दिवसाला २०० किलोमीटरप्रमाणे वर्षात ६० हजार किलोमीटर धावला आणि लिटरला ४ किलोमीटर गेला, तर १५ हजार लिटर डिझेल लागते. त्याचा एक टक्का १५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले, तर साडेतेरा हजार रुपये. पातळ ऑईल महाग असते. लिटरमागे १०० रुपये जादा, चेंबरमध्ये १५ लिटर आणि वर्षात तीन बदल धरले, तर साडेचार हजार गेले. उरले नऊ हजार. दहा टँकरांचे झाले ९० हजार.

आता तोच हिशेब ट्रॅक्टरचा करा. वर्षाला ५०० तास, तासाला ४ लिटर, म्हणजे २००० लिटर. एक टक्का २० लिटर, त्याचे अठराशे रुपये. आठ लिटर ऑईल दोनदा बदलले, तर जादा खर्च सोळाशे. हाती दोनशे. सांगायचे ते हेच, की हा फायदा रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या ताफ्याचा आहे. एका ट्रॅक्टरवाल्याने त्यासाठी जीव टाकू नये. पुस्तिकेत सांगितलेले ऑईल वेळेवर बदलले, एअर फिल्टर साफ ठेवला आणि टायरमध्ये हवा बरोबर ठेवली, तरी पुष्कळ झाले.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. ऑईलचा पापुद्रा लोखंड लोखंडाला घासू देत नाही. उसाने खचाखच भरलेली गाडी भर उन्हात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढते, तेव्हा तो पापुद्रा फाटला की बेअरिंग गेलेच. १५० लिटर डिझेल वाचवायला निघालो आणि इंजिन उघडायची पाळी आली, तर आगीतून फुफाट्यात. अमेरिकेत डिसेंबर २०१६ पासून एफए-४ नावाचा जास्त पातळ ऑईलचा वर्ग आला. पण तो नव्या बनावटीच्या ठरावीक इंजिनांसाठी आहे, जुन्यांसाठी नाही. ज्या गाडीचे इंजिन आधीच ऑईल खाते, तिच्यात तर हा प्रयोग करूच नये. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी असते. भलते ऑईल घातले तर त्याची राख त्या जाळीत साचते. म्हणून आकड्याबरोबर डब्यावरचा दर्जाही, सीआय-४ की सीके-४, पुस्तिकेशी ताडून पाहावा. कंपनीने परवानगी दिलेल्या यादीतले सर्वांत पातळ ऑईल घ्यावे, यादीबाहेरचे नको.

आता आपल्या संस्थांकडे वळू. दूध संघ, कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या, ग्रामपंचायती यांची ऑईल खरेदी अनेक ठिकाणी केवळ 'कमीत कमी दर' पाहून होते. गाड्या पाच प्रकारच्या आणि ऑईल मात्र एकाच बॅरलमधले! निविदेत दराबरोबर ग्रेड आणि दर्जा लिहायला काय हरकत आहे? संचालक आणि सरपंच मंडळींनी एवढे करावे. एकाच मार्गावरच्या सारख्या चार गाड्या घ्याव्यात, दोन गाड्यांत नवे ऑईल घालावे, टाकी फुल्ल ते फुल्ल नोंद वहीत ठेवावी आणि सहा महिन्यांनी वही उघडावी. एका खेपेत काही कळणार नाही. लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या गाडीत एक टक्का म्हणजे अवघे ४० मीटर. ड्रायव्हर बदलला, रस्ता खराब लागला, तरी तेवढा फरक पडतो.

आणि वाचलेला पैसा कोणाचा, हेही ठरले पाहिजे. गाडी संस्थेची असेल तर तो सभासदाचा आहे. वार्षिक सभेत चहा-फराळावर नजर ठेवण्यापेक्षा अध्यक्षांना एवढेच विचारा: आपल्या गाड्यांत ऑईल कोणते आणि डिझेलची वही कुठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर गळती कुठे आहे ते आपोआप कळेल.