कर भरताना डमी, कर्ज फेडताना मालकीण

नारायणगडावरून खाली बीडच्या मोंढ्यात या आणि एखाद्या आडत दुकानात डोकवा. गल्ल्यावर माणूस एक. भागीदारी पत्रात मात्र चार: तो, बायको, भाऊ, भावजय. इन्कमटॅक्सवाले म्हणतात, बायका नुसत्या नावाला. बरेचदा ते खरंही असतं राव. पण म्हणून सरसकट सगळ्याच डमी? इथे माझं डोकं फिरतं.

खेळ जुनाच आहे. पूर्वी रजिस्टर्ड फर्मचा नफा पार्टनरांत वाटून ज्याच्या त्याच्या स्लॅबने टॅक्स लागायचा. १९७३-७४ मध्ये वरचा दर सरचार्ज धरून ९७.७५ टक्के होता! मग घरातलं प्रत्येक डोकं पार्टनर होणारच की. सरकारचा तोडगा १९३७ पासूनचा: नवरा-बायको एकाच फर्ममध्ये असतील तर बायकोचा हिस्सा नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचा. त्याला आव्हान देणारा बालाजी खटला आपल्या अकोल्याच्या अधिकाऱ्याविरुद्धचा. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

१९९२ च्या फायनान्स ॲक्टने टॅक्स थेट फर्मवर आणला, पार्टनरचा हिस्सा करमुक्त केला. खेळ संपला? कसला! आता 'वर्किंग पार्टनर'चा पगार आला. तो ठरलेल्या मर्यादेत फर्मच्या नफ्यातून वजा होतो. त्यावर कायद्याचं म्हणणं असं: नवऱ्याचा धंद्यात भरीव हिस्सा असेल तर बायकोचा पगार नवऱ्याच्या उत्पन्नात धरा. सूट कधी? तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानामुळे मिळत असेल तरच. मुंबई हायकोर्टात एका डॉक्टरांचं असं प्रकरण गेलं होतं. बायको रिसेप्शन आणि हिशोब सांभाळायची. पगार धरला गेला डॉक्टरांच्या उत्पन्नात.

म्हणजे बघा. जिला सगळ्या गावची उधारी तोंडपाठ, जी रोज पट्ट्या लिहिते, ती डिग्री नाही म्हणून अडकणार. आणि पुण्यात नोकरी करून इथे नुसती सही ठोकणारी सीए सून कागदावर आरामात पास!

आमच्या धंद्यात कॉमेंट काहीही म्हणो, कोड काय करतो ते बघतात. भागीदारी पत्र ही कॉमेंट. चेकवर सही कुणाची, खरेदी कोण ठरवतं, पगार तिच्या खात्यात राहतो की दुसऱ्याच दिवशी नवऱ्याकडे परत जातो, हा कोड. तो तपासा ना! डमी निघाली तर खुशाल टॅक्स लावा, दंडही लावा. पण डिग्री ही कामाची परीक्षा होऊच शकत नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर स्वतंत्रपणे आणि पूर्ण जबाबदार असतो. धंदा बुडाला की बँक 'वहिनी, तुम्ही तर नावाला' म्हणून सोडत नाही. फर्मचा थकलेला टॅक्सही तिच्याकडून वसूल होऊ शकतो. कमाईच्या वेळी ती कुणी नाही, फेडायच्या वेळी मात्र मालकीण!

त्यामुळे टॅक्स वाचवणाऱ्या घरच्यांनाही मी सोडणार नाही. बायकोला पार्टनर करायचंय? जरूर करा. मग चेकबुकही तिच्या हातात द्या. आणि मित्रांनो, गावाकडून 'फक्त सही करून पाठव' असा फोन आला, तर आधी विचारा: फर्मवर कर्ज किती आहे?