चुन्यावाचूनची घरे

इटलीच्या यात्रेहून परतलेल्या आपल्या बंधुभगिनींच्या छायाचित्रांत आल्बेरोबेल्लो हे गाव कधी कधी दिसते. बारी शहरात संत निकोलसच्या कबरीचे दर्शन घ्यावे आणि जवळच्याच या गावी शंकूच्या छपरांची ‘त्रुल्ली’ घरे पाहावीत, असा हा क्रम. पांढऱ्या भिंती, त्यांवर करड्या दगडी टोप्या! पाहणारा म्हणतो, “अगदी परीकथेतले गाव!” या उद्गारालाच आमची हरकत आहे.

चुनखडीचे चपटे दगड चुन्यावाचून एकावर एक रचून छप्पर मिटवण्याचे कसब पुलिया प्रांतात पूर्वापार होते. आल्बेरोबेल्लोत मात्र ती सक्ती झाली. नेपल्सच्या राज्यात नवे गाव वसवायचे तर राजाची परवानगी घ्यावी लागे, करही भरावा लागे. कॉन्वेर्सानोच्या आक्वाविवा सरदारांना जमीन कसायला माणसे हवी होती, कर नको होता. म्हणून कुळांनी घराला चुना लावायचा नाही, आणि तपासणी येणार म्हटली की छपरे उतरवायची! ज्या टोपीचे आपण कौतुक करतो, ती हुकूम होताच पाडता यावी म्हणून अशी रचलेली होती. तिच्याखाली लेकरेबाळे निजत होती. ही कसली परीकथा?

अखेर १७९७ साली गावकऱ्यांचे गाऱ्हाणे राजा चौथा फर्डिनंड याने ऐकले आणि गाव सरदारांच्या जाचातून सुटले. त्यानंतर बांधलेले चुन्याचे पहिले घर, ‘कासा द’आमोरे’, आजही उभे आहे. पण त्याला शंकू नाही. म्हणून कित्येकांचा कॅमेरा तेथे वर होत नाही!

कोणी म्हणेल, प्रवाशांमुळेच गावाला चार पैसे मिळतात. १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिल्याने घरांना संरक्षण लाभले. मान्य आहे. घरे जरूर पाहावीत. त्याच घाटाने बांधलेल्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये गुडघेही टेकावेत. परंतु डोके टेकण्यास ठाव नसलेल्या प्रभूचे आपण अनुयायी. गरिबाच्या छपराची कहाणी न ऐकता त्याची चिमुकली प्रतिकृती विकत घेऊन परतणे आपल्याला शोभत नाही.

यात्रा नेणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: प्रथम त्या चुन्याच्या घरापुढे मंडळींना उभे करा, मग शंकू दाखवा.