घराघरात तालीम हवी

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचा तिसरा गणपती येतो तो गुरुजी तालमीचा. शहराच्या जुन्या पेठांतून फिरताना चिंचेची तालीम, खालकर तालीम, जगोबादादा तालीम अशी नावे आजही कानावर पडतात. उत्सवाच्या मांडवावर आणि चौकांच्या फलकांवर तालीम टिकून आहे. मात्र ज्या लाल मातीमुळे ही नावे पडली, त्या मातीत रोज घाम गाळणाऱ्यांची संख्या किती उरली आहे, हा प्रश्न विचारला की उत्सवी उत्साह थोडा ओसरतो. पेठेतल्या ज्या घरातील आजोबा पहाटे जोर-बैठका काढत, त्याच घरातील नातू आज तिशीतच मधुमेहाची गोळी घेत असेल, तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटेनासे होणे हीच खरी चिंतेची बाब आहे.

या विकाराचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातच उलगडला, हे पुणेकरांनी जाणून घेण्यासारखे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची आणि वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी एकसारखा. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के! काट्यावर दोघे सारखे. आतून मात्र एकाकडे स्नायू अधिक, तर दुसऱ्याकडे चरबी. पुण्याच्या परिसरातील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच चित्र दिसले. इंग्लंडमधील बालकांपेक्षा ही बाळे वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्यातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. उणीव होती ती स्नायूंची. ‘आपण कुठे जाड आहोत? मग व्यायाम कशाला?’ या मध्यमवर्गीय घरांतील आवडत्या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकते?

देशाचे चित्र याच दिशेने बोट दाखवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २००० साली भारतातील सुमारे २२ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २०२२ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ५० टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये तर ते ५७ टक्के आहे. ज्या देशाची तरुणाई ही त्याची शक्ती म्हणून मिरवली जाते, त्या देशातील निम्मे प्रौढ पुरेसे हलतही नाहीत, हे वास्तव राष्ट्राच्या सामर्थ्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने गांभीर्याने घेतले पाहिजे.

व्यायामाने नेमके काय घडते? रक्तातील साखर वापरणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. स्नायू आकुंचन पावू लागले की इन्शुलिनचा प्रभाव मंदावलेला असतानाही ते साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम व्यायाम संपल्यावरही काही तास टिकतो. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, हृदयाची क्षमता वाढते, झोप सुधारते आणि मनाची उदासी कमी होते. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली आले. आहारातील शिस्त आणि नियमित चालणे यांमुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. औषधाच्या गोळीने साधले तेही जवळपास तेवढेच.

हे ज्ञान आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. सुश्रुताने प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला अनवाणी शंभर योजने चालण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले आहे. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असा दंडक घातला. आजचे वैद्यक सांगते की, चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत श्रम पुरेसे. दोन्हींचा आशय एकच आहे. अर्थात परंपरेचा अभिमान डोळस हवा. वाग्भटाने वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगितला. आजचे संशोधन मात्र बेताच्या, देखरेखीखालील व्यायामाची वृद्धांनाच सर्वाधिक गरज असल्याचे सांगते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल वृद्धांनी केवळ आठ आठवडे स्नायूंचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांतील ताकद दुपटीहून अधिक झाली.

व्यायाम हा केवळ तरुणांचा छंद नव्हे, तो असा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार मुलांना रोज सरासरी एक तास धावपळ हवी; प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंचा व्यायाम; पासष्टीनंतर याच्या जोडीला तोल सांभाळण्याचा सराव. घरात पडून मांडीचे हाड मोडणे ही अनेक वृद्धांच्या परावलंबनाची सुरुवात ठरते. ती रोखण्याचा मार्ग पायांच्या बळातून जातो. गुडघे दुखतात म्हणून बसून राहणाऱ्यांचे गुडघे अधिकच दुखतात, कारण सांध्याचा भार पेलणारे मांडीचे स्नायू क्षीण होत जातात.

याचे मूर्तिमंत उदाहरण पुण्याने पाहिले आहे. बालपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेला एक तरुण १९३७ साली डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून सहा महिन्यांसाठी योग शिकवायला आला आणि पुण्याचाच झाला. ते बी. के. एस. अय्यंगार. दोर, खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन त्यांनी वृद्ध आणि व्याधिग्रस्त माणसालाही आसन साध्य करून दिले. २०१४ साली वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची साधना जगभर पोहोचली होती.

तारतम्य मात्र सुटता कामा नये. इन्शुलिन घेणाऱ्याने साखर एकाएकी उतरण्याचा धोका ओळखून व्यायाम करावा, पायांची निगा राखावी. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे ही लक्षणे असतील तर आधी वैद्यकीय तपासणी करावी. चालू औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. चार दिवसांत शरीर ‘कमावण्याच्या’ हव्यासापोटी उत्तेजक द्रव्यांच्या आहारी जाणे हा तर व्यायामाचा अपमान होय.

महाराष्ट्रात बलोपासनेकडे वैयक्तिक हौस म्हणून कधीच पाहिले गेले नाही. समर्थांनी मारुतीची स्थापना केली ती समाज सबळ व्हावा म्हणून. लोकमान्यांनी डेक्कन महाविद्यालयातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ उभारले. १९२५ साली डॉ. हेडगेवारांनी रोजच्या एका तासाच्या शाखेची पद्धत घालून देणारे संघटन सुरू केले; १९३६ साली मावशी केळकरांनी राष्ट्र सेविका समितीच्या माध्यमातून स्त्रियांसाठीही हे द्वार उघडले. या साऱ्यांना समजलेले मर्म एकच होते: एकट्याचा संकल्प आठ दिवसांत विरतो, ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि वाट पाहणारे सोबती असले की तो वर्षानुवर्षे टिकतो.

म्हणूनच कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे पाहण्याची आवश्यकता आहे. प्रवास, जागरणे आणि वेळी-अवेळी जेवण हे सार्वजनिक जीवनाचे भूषण मानले जाऊ लागले आहे. बैठकांची संख्या वाढत गेली आणि मैदानावरच्या बैठका मात्र बंद पडल्या. समाजाला सामर्थ्याचा उपदेश करणारा कार्यकर्ता पन्नाशीत हृदयविकाराने अंथरुणाला खिळला, तर हानी त्याच्या कुटुंबाची होते आणि कार्याचीही.

जुन्या तालमीच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. ती मुख्यतः तरुण पुरुषांची होती. आजची तालीम आजीची, सुनेची, मधुमेही काकांची आणि शाळकरी मुलांचीही असली पाहिजे. गृहरचना संस्थेच्या गच्चीवर अर्धा तास सामूहिक सूर्यनमस्कार, मंदिराच्या सभामंडपात ज्येष्ठांसाठी बेताची आसने, शाळेत गणितासाठी पळवला न जाणारा खेळाचा तास, घरच्या स्त्रीला सकाळचा अर्धा तास मोकळा मिळावा म्हणून चहाचे आधण ठेवणारा नवरा, एवढ्यानेही मोठा पालट घडेल. पर्वती, हनुमान टेकडी, तळजाई आणि वेताळ टेकडी ही पुण्याची विनामूल्य आरोग्यधामे आहेत. ती राखणे आणि चालण्याजोगे पदपथ मागणे हाही आरोग्यरक्षणाचाच भाग आहे.

रुग्णालये वाढली म्हणून समाज निरोगी होत नाही. मांडवावरील तालमीचे नाव सार्थ करायचे असेल, तर उत्सवाचे दहा दिवस पुरेसे नाहीत. वर्षाच्या उरलेल्या साडेतीनशेहून अधिक सकाळी घाम गाळावा लागेल. बलोपासनेचा वारसा सांगणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा निश्चितच करता येईल.