आईबाबांना भान आहे तोवर विचारून घ्या

मरोळच्या चाळीत, गावठाणात, सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कळकळीची विनंती आहे. घरात सत्तरीच्या आसपासचं माणूस असेल, तर त्यांची कागदपत्रं आणि पुढचा सांभाळ हा विषय याच महिन्यात काढा. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर याच आठवड्यात.

'नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही' असं घरोघरी ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितलं, की शेअर्सचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच. नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, घर मिळत नाही.

त्याहून जास्त घरं फसतात ती कुलमुखत्यारपत्रापाशी. 'बाबांनी पॉवर ऑफ अॅटर्नी दिली आहे, सगळं मी बघेन,' असं मुलगा म्हणतो. पण देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की आपल्या कायद्याने तो कागद संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो निकामी होतो. बाबांना पक्षाघात झाला, ते कोमात गेले किंवा स्मृतिभ्रंश वाढला, आणि खातं फक्त त्यांच्या नावावर असलं, तर इस्पितळाचं बिल समोर असताना त्यांचीच मुदत ठेव मोडता येत नाही. कोमातल्या माणसासाठी पालक नेमून घ्यायला घरच्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. वकील, तारखा, खर्च, आणि घरात आजारी माणूस. हे टाळायचं तर आजच बँकेत जाऊन 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं संयुक्त खातं करून घ्या. ठेवींवरही दुसरं नाव लावा.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. डॉक्टरांचा दाखलाही जोडावा. ज्याला मालमत्ता द्यायची त्याला साक्षीदार करू नका. गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण ख्रिस्ती मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला हिस्सा रद्द ठरतो. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर तेही काम हाती घ्या.

आता थेट ज्येष्ठांशी. राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, म्हणून घाई करू नका. द्यायचंच असेल, तर 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात लिहून घ्या. ही अट मोडली गेली, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल, तर लढाई फार अवघड होते. कुणी सहीसाठी दडपण आणत असेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन करा.

उपचारांचंही बोला. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तिथेच जवळपास ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना काय हवं होतं, हे विचारायची सोय कुणालाच नव्हती. आता आहे. व्हेंटिलेटर हवा की नको, आपल्या वतीने कोणी ठरवायचं, हे दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर लिहून ठेवता येतं. त्याची प्रत जपून ठेवण्यासाठी महापालिकेने वॉर्डांतल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना नेमलं आहे.

मुलांनो, हा विषय हिश्श्यापासून काढू नका. आईला आधी विचारा: तुला कुठे राहायचंय, कुणाजवळ राहायचंय? परदेशातल्या भावंडांना फोनवर घ्या, मुलींना वगळू नका. ठरेल ते लिहून काढा आणि येत्या रविवारीच बसा.